जुनं पिस्तूल अडकतं तेव्हा आत नेमकं काय होतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मसुदा. बोलताना जिथे जिथे मी "म्हणजे... आपलं ते..." केलंय, ते काढून टाकलंय. बाकी जवळपास जसंच्या तसं ठेवलंय.

ऑडिओत मागे ढोल ऐकू येईल. त्याबद्दल माफी मागणार नाही, कारण मी सध्या काठीत आहे. अक्कलकुवा तालुका, सातपुड्याच्या डोंगरात, मामांच्या घरी. राजवाडी होळी तोंडावर आलीय, त्यामुळे संध्याकाळ झाली की ढोल सुरू होतो. लॅपटॉप खिडकीत ठेवला तरच नेटवर्क येतं, म्हणून हा भाग खिडकीत बसून रेकॉर्ड केलाय.

आजचा विषय जरा वेगळा आहे. जुनी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं, आणि ती मध्येच अडकतात का. तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरवाल्या माणसाला हे कुठून सुचलं? तर त्यामागे एक प्रसंग आहे. तो आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी बोलतोय ते कळेल.

ओट्यावरचा प्रसंग

मागच्या निवडणुकीच्या वेळची गोष्ट. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना आपली शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, हे तुम्हाला माहीत असेल. मामांनाही निरोप आला. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांकडून वारसाने आलेलं एक जुनं परदेशी पिस्तूल आहे. पॉइंट बत्तीसचं. परवाना रीतसर मामांच्या नावावर. ते कधी कोणी चालवत नाही. लोखंडी पेटीत, चामड्याच्या म्यानात, वर्षानुवर्षं तसंच पडलेलं.

मामांनी ते ओट्यावर आणलं. "जमा करायच्या आधी रिकामं आहे ना ते बघून घेऊ," म्हणाले आणि पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढली. मग जुनी वस्तू आहे, जपून वापरावी, म्हणून हाताने धरून अगदी हळूच पुढे सोडली. ती पूर्ण पुढे गेलीच नाही. दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच थांबली. मामांनी अंगठ्याने जरा ढकललं, हलेना. मग त्यांनी मुठीखालून मॅगझिन काढलं, मला दाखवलं आणि म्हणाले, "झालं. रिकामं झालं. धर."

मी हात पुढे केला.

शेजारचे काका आमच्याकडे चहाला आले होते. ते पोलीस दलातून आर्मरर म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी कप खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "भाचा, हात मागे घे." त्यांनी ते पिस्तूल मामांच्या हातून घेतलं, नळी अंगणातल्या मोकळ्या मातीकडे धरली आणि स्लाइड जोर लावून पूर्ण मागे खेचली. एक काडतूस टप्पकन सारवलेल्या ओट्यावर पडलं. जिवंत.

कोणीच काही बोललं नाही. मग काका मामांना म्हणाले, "दाजी, मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. काडतूस नळीत कसं गेलं? अर्ध्यातच का अडकलं? आणि मामांसारखा सावध माणूस इतका चुकला कसा? काकांना मी पुढचे काही महिने प्रश्न विचारून हैराण केलं. आजचा भाग म्हणजे त्याचाच सारांश.

आधी शब्द नीट करू

आपण बोलताना सगळ्यालाच "गोळी" म्हणतो. पण काडतूस ही चार गोष्टींची जुळणी असते. पितळेची नळकांडी, तिच्या बुडाला ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाला बसवलेली गोळी. गोळी उडून जाते, पितळ मागे राहतं. आजच्या विषयात हा फरक महत्त्वाचा आहे, कारण अडचण बहुतेक वेळा त्या मागे राहिलेल्या पितळेची किंवा पुढे येऊ घातलेल्या नव्या काडतुसाची असते.

आता रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला फरक. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं एका गोल चक्रात बसलेली असतात. बोटाने चाप ओढला की त्याच ताकदीवर चक्र फिरतं आणि पुढचं घर समोर येतं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढा, पुढचं येईल. सगळं काम माणसाच्या बोटाचं.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात तसं नाही. तिथे उडालेल्या काडतुसाच्या धक्क्यानेच स्लाइड मागे जाते. जाताना एक बारीक आकडा रिकाम्या पितळेला नळीतून ओढून काढतो आणि मागे असलेल्या अडथळ्याला आपटून ते बाहेर फेकलं जातं. मग दाबली गेलेली स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते. पुढे येताना स्लाइड मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं काडतूस ढकलून बाहेर काढते. त्याचं टोक एका छोट्या उतारावर चढतं, नळीच्या तोंडात शिरतं, त्याचं बूड आकड्याखाली सरकतं, आणि स्लाइड बंद होते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

म्हणजे बघा, इथे प्रत्येक काडतूस पुढच्याची सोय करून जातं. एकाने काम अर्धवट केलं की पुढच्याची गाडी अडते. आमच्या धंद्यात याला आम्ही पाइपलाइन म्हणतो. आणि पाइपलाइनचा नियम असा की जिथे ती थांबलेली दिसते, तिथेच चूक असते असं नाही. बऱ्याचदा चूक एक पायरी आधी झालेली असते.

पहिला संशयित: पत्र्याचा डबा

मी काकांना विचारलं, "जुनं पिस्तूल अडकायला लागलं तर तुम्ही सगळ्यात आधी काय बघायचा?" मला वाटलं ते नळी म्हणतील, आकडा म्हणतील. ते म्हणाले, "मॅगझिन. पिस्तुलाला हातच लावायचा नाही आधी."

कारण सोपं आहे. पिस्तूल पोलादाच्या ठोकळ्यातून कोरलेलं असतं, मॅगझिन मात्र वाकवलेला पत्रा असतो. त्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी आत वळलेल्या कडा असतात. काडतूस किती उंचीवर राहणार, त्याचं टोक किती वर असणार आणि ते कोणत्या क्षणी सुटणार, हे सगळं त्या दोन कडा ठरवतात. मॅगझिन एकदा फरशीवर आपटलं, कड किंचित फाकली, की काडतूस लवकर सुटतं आणि टोक वर जाऊन नळीच्या वरच्या काठाला धडकतं. कड आत दबली तर टोक खाली राहतं आणि उतारालाच रुतून बसतं. डोळ्यांना फरक दिसतही नाही.

त्यात मॅगझिनची स्प्रिंग. स्लाइड मागे जाऊन पुढे येईपर्यंत स्प्रिंगने पुढचं काडतूस वर आणून ठेवलेलं असायला हवं. स्प्रिंग थकली असेल तर काडतूस वर पोचायच्या आत स्लाइड त्याच्यावरून निघून जाते. सॉफ्टवेअरवाल्यांनो, ही अस्सल रेस कंडिशन आहे. दोन गोष्टी शर्यतीत आहेत आणि कोण आधी पोचेल यावर निकाल ठरतो. म्हणूनच ती दर वेळी घडत नाही, कधीतरी घडते, आणि त्यामुळेच सापडत नाही.

आणि जुन्या काळी मॅगझिन हा सुटा भाग मानलाच जात नसे. जर्मन सैन्याच्या लुगर पिस्तुलांच्या मॅगझिनवर त्या त्या पिस्तुलाचा क्रमांक घातलेला असे. ती जोडी होती. आज शंभर वर्षांनी ती जोडी मोडलेली असते. पिस्तूल एका घरातून आलं, मॅगझिन दुसऱ्याच दुकानातून. "बसतंय ना? मग चालेल," असं म्हणून घेतलेलं. बसणं आणि चालणं यांत फरक असतो, हे कोणाही इंजिनिअरला विचारा.

दुसरा संशयित: काडतूस

आपल्याकडे नागरिकांना ९ मिलिमीटरचं पिस्तूल मिळत नाही. ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. म्हणून भारतात परवान्याचं पिस्तूल म्हटलं की बहुतेक वेळा पॉइंट बत्तीस. आपल्या आयुध निर्माणीचं 'अशनी' पिस्तूलही त्याच काडतुसाचं. हे काडतूस जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसाने तयार केलं आणि १८९९ च्या सुमारास बेल्जियमच्या एफएन कंपनीने ते बाजारात आणलं. म्हणजे वय सव्वाशे वर्षं.

या काडतुसाची एक खोड आहे, आणि ती मला फार आवडते, कारण ती जुन्या कोडमध्ये सापडते तशीच आहे. त्याच्या बुडाला एक अगदी बारीक कंगोरा असतो. पितळेची जाडी साधारण साडेआठ मिलिमीटर, कंगोऱ्याची साधारण नऊ. म्हणजे प्रत्येक बाजूने पाव मिलिमीटरच बाहेर. काडतूस नळीत किती आत जायचं ते हा कंगोरा ठरवतो, म्हणून तो ठेवला. पण मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक रचलेली असतात. वरच्याचा कंगोरा खालच्याच्या कंगोऱ्याच्या पुढे असेल तर सगळं ठीक. तो खालच्याच्या मागे गेला, की वरचं काडतूस पुढे सरकताना खालच्याला अडकतं. दोघं एकमेकांत गुंततात. जोर लावला की जास्तच घट्ट.

मूळ काडतुसाची लांबी साधारण २५ मिलिमीटर होती आणि मॅगझिन त्या मापाने बनलं होतं. आत काडतुसं मागे-पुढे हलायला जागाच नव्हती, त्यामुळे कंगोरे आपोआप जागेवर राहत. पुढे पोकळ टोकाच्या गोळ्या आल्या. त्यांची काडतुसं थोडी आखूड. आखूड काडतुसापुढे मॅगझिनमध्ये रिकामी जागा उरते, धक्क्याने काडतुसं मागे-पुढे होतात, आणि कंगोरे गुंततात. पिस्तूल तेच, मॅगझिन तेच, काडतूस "त्याच नंबरचं". तरी अडतं. कारण मूळ बनवणाऱ्याने जी लांबी गृहीत धरली होती ती कोणी पाळलीच नाही.

टोकाच्या आकाराचंही तेच. जुन्या पिस्तुलांचा तो छोटा उतार गोल टोकाच्या, पूर्ण धातूने मढवलेल्या गोळीसाठी घासलेला असतो. त्या काळी सैन्यासाठी गोळी तशीच असायची. फुटून पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेत युद्धापुरती बंदी आली होती, आणि अशा गोळ्यांना जगभर जे नाव पडलं ते आपल्याच कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्याचं. तर गोल टोक उतारावरून घसरत वर जातं. बोथट, रुंद तोंडाचं टोक तिथे धडकतं आणि थांबतं.

तिसरी गोष्ट वय. काडतुसाच्या बुडावर कारखान्याची खूण असते. "केएफ" म्हणजे आपली पुण्याची खडकी, जिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. सैन्याच्या काडतुसांवर सालही असतं. ते बघा, असं काका सांगतात. काडतूस ओलाव्यात पडून राहिलं तर दारूचा जोर कमी होतो. जोर कमी म्हणजे स्लाइड पूर्ण मागे जात नाही. मग एकतर रिकामं पितळ बाहेर फेकलं जाण्याआधीच दारात चिमटलं जातं, किंवा स्लाइड पुढच्या काडतुसाच्या मागे पोचतच नाही आणि रिकाम्या नळीवर बंद होते.

आणि चामडं! बहुतेक घरांत पिस्तूल आणि काडतुसं चामड्याच्या म्यानात-पट्ट्यात ठेवतात. दिसायला रुबाबदार. पण चामडं ओल धरून ठेवतं, कमावताना वापरलेली द्रव्यंही त्यात असतात. पोलादाला गंज आणि पितळेला हिरवा कळकट थर. सातपुड्यातला पावसाळा ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

तिसरा संशयित: तेल, आणि चौथा: हात

तेल कमी पडलं तर घर्षण, हे सगळ्यांना कळतं. पण वर्षानुवर्षांपूर्वी लावलेलं तेल सुकून त्याचा चिकट राळेसारखा थर होतो, हे लक्षात येत नाही. तो थर नेमका बारीक फटींत बसतो. आकड्याच्या मागे बसला की आकडा उघडत नाही, आणि काडतुसाचं बूड त्याच्याखाली सरकायला मागत नाही. स्लाइड शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरवर थांबते. ओळखीचं वाटलं?

निवडणूक झाली, पिस्तूल परत मिळालं, तेव्हा आम्ही ते एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने उघडून दाखवलं. आकड्यामागे वाळलेलं तेल. काडतुसांवर हिरवा थर. मॅगझिन मूळचं नाही, एक कड फाकलेली. आणि चौथी गोष्ट त्याने मामांना विचारून घेतली, "स्लाइड सोडली कशी होती?"

मामा म्हणाले, "हळूच. जपून."

तो म्हणाला, "तिथेच गेलं."

स्लाइड स्प्रिंगच्या पूर्ण जोराने पुढे यावी असाच सगळा हिशोब केलेला असतो. तिला हाताने धरून हळू सोडलं की काडतूस ढकलायला, उतारावर चढवायला आणि आकड्याखाली सारायला लागणारा वेगच मिळत नाही. यंत्र धडधाकट असतं तर कदाचित तरीही बंद झालं असतं. पण तीन बारीक दोष आधीच होते, चौथा मामांच्या मायेचा. एकेकटा कोणीच पुरेसा नव्हता.

आणि सगळ्यात मोठी चूक क्रमाची. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली, म्हणजे नळी रिकामी करायच्या नादात मामांनी तीत काडतूस भरलं. मग मॅगझिन काढलं, म्हणजे उरलेली काडतुसं बाहेर आली, नळीतलं तसंच राहिलं. स्लाइड अर्धवट असताना घोडा सुटू नये अशी सोय बहुतेक पिस्तुलांत असते. पण माझ्या हातात देताना बसलेल्या एखाद्या धक्क्याने ती बंद झाली असती, तर पुढे फक्त चाप उरला होता. मॅगझिन काढल्यावरही गोळी सुटते अशी जुनी पिस्तुलं पुष्कळ आहेत.

विश्वास कशावर ठेवायचा?

जुनी पिस्तुलं मुळातच बेभरवशाची होती, असं एक मत ऐकू येतं. मला ते पटत नाही. मार्च १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने ब्राउनिंगचं कोल्ट आणि सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल अशी चाचणी घेतली. प्रत्येकी ६,००० काडतुसं. सॅव्हेज ३७ वेळा अडखळलं, कोल्ट एकदाही नाही. पण त्या चाचणीची रीत वाचा. दर १०० काडतुसांनंतर पिस्तूल गार होऊ द्यायचं, दर १,००० नंतर साफ करून तेल द्यायचं. म्हणजे ६,००० चा तो आकडा एकट्या यंत्राचा नव्हे. यंत्र, ठरलेलं काडतूस आणि ठरलेली निगा, या तिघांचा मिळून तो आकडा आहे. त्यातलं एक काढून घेतलं की बाकीच्या दोघांना दोष देण्यात अर्थ नाही.

हे आपल्याकडच्या लोकांनाही पक्कं माहीत होतं. फेब्रुवारी १९०९ मध्ये सावरकरांनी इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकी असलेल्या चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुलं मुंबईला पाठवली, हे रौलट समितीच्या अहवालात आहे. आपण "२० पिस्तुलं" एवढंच लक्षात ठेवतो. पण सोबत काडतुसंही होती. असायलाच हवी होती, कारण ब्राउनिंगचं काडतूस काही गल्लीतल्या दुकानात मिळणारं नव्हतं. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूल त्यातलंच. आणि १९१४ मध्ये कलकत्त्यात रोडा कंपनीचा माल पळवला गेला तो ५० माउझर पिस्तुलं आणि तब्बल ४६,००० काडतुसं असा. पिस्तुलाइतकंच, किंबहुना जास्त, मोल त्याच्या योग्य काडतुसाचं होतं.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आम्हा इंजिनिअर लोकांना "विश्वासार्ह" हा शब्द ऐकला की बरं वाटतं. यंत्र न अडकता चाललं म्हणजे चांगलं. पण २० जानेवारी १९४८ ला दिल्लीत, सकाळी, गांधीजींच्या हत्येचा कट करणाऱ्यांनी आपली दोन रिव्हॉल्व्हर तपासली, तेव्हा एकाचं चक्र नीट चालेना आणि दुसऱ्याची गोळी लक्ष्यापर्यंत पोचेना. हे खटल्यातल्या साक्षीत आलेलं आहे. त्या दिवशीचा कट फसला. मग ग्वाल्हेरहून एक पिस्तूल मिळवलं गेलं. बेरेटा, १९३४ चं मॉडेल. साधी रचना, भाग कमी, आणि स्लाइडचा वरचा भाग जवळपास पूर्ण उघडा, त्यामुळे रिकामं पितळ अडकायला जागाच कमी. ३० जानेवारीला ते अडकलं नाही. तीनही गोळ्या सुटल्या.

या विषयाचा अभ्यास करताना एवढ्या एकाच ठिकाणी मला वाटलं की हे पिस्तूल अडकायला हवं होतं. यंत्र किती भरवशाचं आहे हा एक प्रश्न, ते कोणाच्या हातात आहे हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कितीही चांगलं असलं तरी दुसरा सुटत नाही.

तुमच्या घरात असं काही असेल तर

श्रोत्यांपैकी काहींच्या घरी आजोबांचं पिस्तूल असेल, हे मला मेलवरून कळतं. त्यांच्यासाठी, काकांनी सांगितलेलं, माझ्या शब्दांत.

एक. अडकलेलं पिस्तूल हे भरलेलंच पिस्तूल समजा. नळी कायम मोकळ्या, सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड पूर्ण मागे ओढायची, मग नळीत डोळ्यांनी बघायचं. आणि मागे उभं राहून बघायचं, तोंडातून नाही. क्रम बदलायचा नाही. जोर लावूनही हलत नसेल तर तिथेच थांबा, ठोकाठोकी करू नका, जाणकाराला बोलवा.

दोन. घरी कानस, पॉलिश पेपर, पक्कड यांना हात लावू नका. "उतार जरा गुळगुळीत केला की चालेल," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तो उतार जास्त घासला गेला तर काडतुसाच्या बुडाचा आधार जातो, आणि पितळ तिथेच, हाताजवळ फुटू शकतं. शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणी हा धंदा परवाना असलेल्यानेच करायचा आहे.

तीन. दुरुस्तीवाल्याकडे जाताना "अडकतं" एवढंच सांगू नका. कुठे अडकतं ते सांगा. टोक खाली रुततं, की वर धडकतं? रिकामं पितळ दारात चिमटतं, की स्लाइड शेवटी थांबते? एकाच मॅगझिनला होतं, की दोन्हींना? कोणत्या काडतुसाला? आमच्या भाषेत, बग रिपोर्ट नीट लिहा. अर्धं काम तिथेच होतं. आणि त्याने एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी, सगळं एकदम नाही.

चार. चामड्यातून बाहेर काढा. जुनी, हिरवट पडलेली काडतुसं स्वतः नष्ट करायला जाऊ नका. शस्त्रविक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्यात विचारा.

पाच, आणि हे मी माझ्याकडून सांगतो. ठेवायचंच आहे का, हा प्रश्न विचारा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे कित्येक घरांनी हा विचार तसाही केलाय. आठवण म्हणून ठेवलेली वस्तू जर जिवंत काडतुसासकट पेटीत असेल, तर ती नुसती आठवण राहत नाही.

मामांनी काय केलं? पिस्तूल अजून आहे. पण काडतुसं वेगळ्या कपाटात, चामड्याचं म्यान भिंतीवर शोभेला, आणि पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर मामांच्याच अक्षरात तीन ओळी आहेत. आधी मॅगझिन. मग स्लाइड. मग डोळे.

काल मी तो कागद वाचत होतो तर मामा मागून म्हणाले, "तू हात पुढे केला होतास, ते अजून डोळ्यांसमोर येतं रे."

मी म्हटलं, "मामा, काकांनी कप खाली ठेवला होता, ते माझ्या डोळ्यांसमोर येतं."

चला, ढोल जवळ आला. नेटवर्क जायच्या आत हे अपलोड करतो. तुमच्याकडे असा अनुभव असेल तर नक्की कळवा, शस्त्राचा क्रमांक आणि फोटो मात्र पाठवू नका. पुढच्या भागात भेटूच.